तीन चुकांची उंची

विमान हवेत न्यायला मी दोन सकाळींत शिकलो. ते खाली आणायला पाच आठवडे लागले.

विमान म्हणजे खरं विमान नव्हे. आमच्या आपाच्या मुलानं, माझ्या भाच्यानं, फोमच्या शीट कापून बनवलेलं, रेडिओवर चालणारं मॉडेल. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सव्वा मीटर, वजन बॅटरीसकट नऊशे ग्रॅमच्या आसपास. नाकावर एक मोटर, तिला दहा इंची पंखा, पोटात लायपो बॅटरी, आणि शेपटी व पंखांच्या मागच्या पट्ट्या हलवायला काड्यापेटीपेक्षाही लहान सर्व्हो मोटरी. एका चार्जिंगवर सात-आठ मिनिटं उडतं. हातात दोन स्टिक असलेला ट्रान्समीटर धरायचा. मी त्याला रिमोट म्हणायचो तेव्हा भाचा हसायचा.

तुम्ही म्हणाल, पंचेचाळिशीतल्या मराठीच्या मास्तरला हे उद्योग कुणी सांगितले? मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. उर्दूचे तास घेतो, पण मुख्य काम मराठीचं. जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन असतं. भाच्यानं विमान बनवल्याची खबर आमच्या पोरांना लागली होती आणि आठवीचा वर्ग हट्टाला पेटला होता. शाळेच्या मैदानावरून विजेच्या तारा जातात, म्हणून आदल्या दिवशी आठवीला गावाबाहेरच्या माळावर न्यायचं ठरलं. मुख्याध्यापकांनी होकार दिला आणि त्याच आठवड्यात भाच्याला चाकणच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. जानेवारी लागताच हजर व्हायचं. विमान होतं, उडवणाराच जाणार होता.

"मामू, तुमकोच सिखाता ना मैं," तो म्हणाला. "पांच हफ्ते हैं."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तोवरची दोन-तीन वर्षं आम्ही दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलत होतो. दहावीला त्याला मराठीत ३६ मार्क पडले. मराठीच्या मास्तरचा भाचा आणि ३६! पासिंगला ३५ लागतात. म्हणजे एका मार्कानं माझी अब्रू वाचली असं मी तेव्हा चारचौघांत म्हणालो होतो. त्यानं पुढे शिकून बीएड करावं, निदान डिप्लोमा तरी करावा, अशी माझी इच्छा. त्यानं आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घेतला. मी आपाकडे जाणं कमी केलं. ईदला गळाभेट व्हायची, तेवढीच.

म्हणून "तुमकोच सिखाता" हे त्यानं सहज म्हटलं तरी मला ते सहज ऐकू आलं नाही.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी फजरची नमाज पढून आम्ही माळावर गेलो. त्या वेळेला वारा पडलेला असतो. दहानंतर तो उठतो आणि नऊशे ग्रॅमच्या फोमला कागदासारखं हलवतो. भाच्यानं एक काठी रोवली आणि तिला त्याच्या अम्मीच्या जुन्या ओढणीची नारिंगी पट्टी बांधली. वाऱ्याचा रोख कळायला. विमान चढतानाही वाऱ्याला तोंड देऊन चढतं आणि उतरतानाही वाऱ्याला तोंड देऊनच उतरतं. वारा पाठीवर घेऊन उतरलात तर जमिनीवरचा वेग वाढतो आणि माळ पुरत नाही. दुसरा नियम, सूर्य असेल त्या बाजूला विमान न्यायचं नाही. डोळे दिपले की विमान गेलं.

घरून निघण्याआधी त्यानं मोबाइलवर सरकारच्या 'डिजिटल स्काय'चा नकाशा उघडून दाखवला होता. आमचा माळ हिरव्या पट्ट्यात, म्हणजे ४०० फुटांपर्यंत मुभा. आणि हौसेसाठी उडवायच्या दोन किलोच्या आतल्या यंत्राला २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे पायलटचा परवाना लागत नाही. हे त्यानं स्वतः वाचून काढलेलं. मला बरं वाटलं, कारण बायकोनं रात्रीच विचारलं होतं, "लोग क्या समझेंगे?" तिला मी काही उत्तर दिलं नव्हतं.

उडवणं सोपं निघालं. तो विमान हातानं पुढे फेकायचा, मी थ्रॉटल वाढवायचो, उजवी स्टिक जराशी मागे ओढली की नाक वर. अशा विमानाचे पंख धडाच्या वर बसवलेले असतात, त्यामुळे हात ढिला सोडला की ते आपोआप सरळ व्हायला बघतं. दुसऱ्या सकाळी मी माळावर मोठे गोल मारत होतो आणि मनात म्हणत होतो, मास्तर, जमलं की!

मग तो म्हणाला, "अब उतारो."

उतरवण्यात पहिली गोची ही की सगळं उलटं वाटतं. खाली यायचं म्हणजे नाक खाली करायचं, असं मला वाटत होतं. नाक खाली केलं की वेग वाढतो आणि विमान डोक्यावरून सणसणत पुढे निघून जातं. वर जायचं म्हणजे नाक वर, असंही वाटत होतं. उतरताना विमान जागेच्या अलीकडेच पडणार असं दिसलं की हात आपोआप स्टिक मागे ओढतो. पण थ्रॉटल कमी असताना नाक वर केलं की उरलासुरला वेग मरतो, पंखावरची हवा सुटते आणि एक पंख आधी गळून विमान त्याच अंगावर कोसळतं. याला स्टॉल म्हणतात. उतरताना उंची थ्रॉटलनं सांभाळायची आणि वेग स्टिकनं, हे वाक्य मी वहीत लिहिलं, पाठ केलं, आणि हवेत विसरलो.

दुसरी गोची दिशेची. विमान आपल्यापासून लांब जातं तेव्हा त्याचा उजवा पंख आपल्या उजवीकडे असतो. वळून आपल्याकडे यायला लागलं की त्याचा उजवा आपला डावा होतो. स्टिक तीच, बोट तेच, पण विमान उलटीकडे जातं. आणि आम्ही ओढणीच्या काठीजवळ उभे, विमान येणार समोरून, आमच्याच दिशेनं. म्हणजे सगळ्यात नाजूक वेळेलाच सगळं उलटं.

दुसऱ्या रविवारी ते माझ्याकडे येत होतं. माझ्या डाव्या बाजूचा पंख खाली झुकला. मी घाबरून स्टिक उजवीकडे ढकलली. तो पंख आणखी खाली गेला. मी आणखी उजवीकडे ढकलली. कुसळात 'थप्प' असा आवाज झाला.

नाक चेपलं, पंखा तुटला, मोटरची फळी निखळून तारांवर लोंबत होती. मी काही बोलायच्या आधीच भाचा तिकडे चालू लागला होता. "चलो, उठाके लाएं," एवढंच. परत येताना तुकडे गोळा करून खिशात टाकत होता. संध्याकाळी आपाच्या ओट्यावर बसून त्यानं ग्लू गननं फळी चिकटवली, नाकाला टेप गुंडाळली. मी नुसता टॉर्च धरून बसलो.

"उलटं कसं लक्षात ठेवतोस तू?" मी विचारलं.

"लक्षात नाही ठेवत. जो पंख खाली गेला, स्टिक त्याच बाजूला ढकलायची. पंखाला खालून टेकू दिल्यासारखं. विचार नको करू मामू, टेकू दे."

तो मराठीत बोलत होता, हे मला नंतर लक्षात आलं. आमच्या घरात दखनी बोलतात. यंत्राचं बोलायचं झालं की तो मराठीत जायचा, कारण ते सगळं तो आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये शिकला होता.

त्या रात्री झोप लागली नाही. माझा जन्म दिशा बदलण्यात गेलेला. पहिल्या तासाला उर्दू, उजवीकडून डावीकडे. दुसऱ्या तासाला मराठी, डावीकडून उजवीकडे. उर्दूची वही एका बाजूनं उघडते, मराठीची दुसऱ्या. त्यातही उर्दूत अक्षरं उजवीकडून लिहितात पण आकडे डावीकडूनच. हे सगळं मी न अडखळता करतो आणि मला वाटत आलं की हे कुणालाही जमावं, न जमणारा लक्ष देत नाही.

भाचा सात वर्षांचा असताना आपानं त्याला मगरिबनंतर माझ्याकडे शिकवणीला पाठवायला सुरुवात केली होती. उर्दू झकास वाचायचा. मराठीत मात्र 'घर' लिहायला सांगितलं की 'रघ' लिहायचा. 'मगर'चं 'रगम'. अक्षरं ओळखायचा, लावायचा उजवीकडून. 'किताब' लिहिताना विचारायचा, "मामू, बोलताना 'क' आधी येतो, मग ही वेलांटी क-च्या आधी का काढायची?" प्रश्न अगदी रास्त होता. मी उत्तर दिलं नव्हतं. लाकडी पट्टी घेऊन बोटांवर मारली होती. त्याच बोटांवर, ज्यांनी आता ग्लू गन धरली होती.

तिसऱ्या आठवड्यात त्यानं शिकवण्याची रीत बदलली. म्हणाला, "आज उतरायचं नाही. आज वरच उतरू." मला कळेना. त्यानं समजावलं की दीडशे फुटांवर जमीन आहे असं समजायचं. तिथे थ्रॉटल कमी करायचा, नाक हळूहळू धरून ठेवायचं, विमान कुठवर हळू जाऊ शकतं ते बघायचं, आणि पंख गळाला की नाक खाली, थ्रॉटल वर, पुन्हा सरळ. "इथे कितीही पडलं तरी खाली हवाच आहे. उडवणारे लोक म्हणतात, तीन चुका करता येतील एवढ्या उंचीवर राहा. एक चूक झाली, तिला सुधारताना दुसरी झाली, दुसरीला सुधारताना तिसरी, तरी विमान वाचलं पाहिजे."

त्या सकाळी मी हवेत वीस-पंचवीस वेळा पडलो. पहिल्या दोन-तीन वेळा छातीत धस्स झालं. मग पडण्याआधीची खूण हाताला कळायला लागली. स्टिक ओढावी तरी नाक ऐकत नाही, विमान सुस्तावतं, एक पंख थरथरतो. हे पुस्तकात वाचून कळलं नसतं. पडण्याची खूण कळायला पडूनच बघावं लागतं, आणि पडून बघायला खाली जागा लागते. मी वीस वर्षं वर्गात एकेका पोराला उभं करून धडा वाचायला लावतोय. चाळीस पोरं ऐकतात, पहिल्या चुकीला हसू फुटतं, दुसऱ्या चुकीला मी खाली बसवतो. म्हणजे मी त्यांना थेट जमिनीवरच शिकवत होतो.

चौथ्या रविवारी एक मोटरसायकल बांधाशी थांबली. दोघं उतरले. एक पन्नाशीचा, टोपी घातलेला शेतकरी. दुसरा तरुण, मोबाइल हातात. माझं विमान हवेत.

"ड्रोन आहे का हो ते?" तरुणानं विचारलं. आवाजात सलगी नव्हती. त्यालाही दोष देता येत नाही. २०२४च्या पावसाळ्यात बीड, नगर, पुणे जिल्ह्यांतल्या गावांवर रात्री ड्रोन फिरतात अशी आवई उठली होती आणि लोक रात्र-रात्र जागून पहारे देत होते.

मी वळून बघितलं तेवढ्यात पंख झुकला. "सदर प्रतिकृती ही शैक्षणिक उपक्रमाचा भाग असून..." असं काहीतरी माझ्या तोंडून निघालं. मराठीचा मास्तर मी; घाबरलो की माझं मराठी परिपत्रकासारखं होतं. तरुणाच्या कपाळावर आठी पडली.

"नाव काय?"

मी नाव सांगितलं. मग ती छोटी गप्प जागा आली, जी आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. बायकोच्या प्रश्नाचं उत्तर बांधाशी उभं होतं.

भाच्यानं माझ्या हातातला ट्रान्समीटर घेतला नाही. नजर आभाळात ठेवूनच तो त्या थोरल्याला म्हणाला, "राम राम दादा. ड्रोन न्हाई ओ, इमान हाय. कॅमेरा बिमेरा काय न्हाई त्यात. मी आयटीआयला होतो, तिथं शिकलो. ह्ये आमचं मामा, शाळंत मास्तर हायत. पोरास्नी दाखवायचंय म्हणून शिकवाय लागलोय. थांबा की, उतरवतेत आता, हातात घिऊन बघा." आणि मला हळूच, "डरो नक्को. टेकू दो."

थोरला हसला. "तू शिकवतोस मास्तरला?"

"मग! त्येनी मला शिकवलं, आता मी."

मी ओढणीच्या बाजूनं लांबवर नेऊन वळवलं. थ्रॉटल निम्मा. समोरून येऊ दिलं. उजवीकडचा पंख झुकला, मी उजवीकडे टेकू दिला. झुकलेला पंख सरळ झाला. अलीकडेच पडतंय असं वाटलं, हात स्टिक ओढायला निघाला, मी त्याऐवजी थ्रॉटल जरा वाढवला. कमरेइतक्या उंचीवर आल्यावर थ्रॉटल पूर्ण बंद केला, नाक किंचित वर धरून ठेवलं आणि त्याला बसू दिलं. कुसळावर घसरत ते आमच्यापासून पंधरा-वीस पावलांवर थांबलं. तेव्हा बाजूला पाहिलं तर भाच्याचे दोन्ही हात जॅकेटच्या खिशात होते.

शेतकऱ्यानं विमान हातात घेऊन उलटंपालटं केलं. "लई हलकं हाय की. ज्वारीवरची पाखरं हाकलाय इल का ह्येनी? गोफण फिरवून खांदा गेला माझा." तरुणानंही मोबाइल खिशात टाकला आणि पंख चाचपून बघितला. जाताना त्यांनी आम्हाला हुरडा खायला बोलावलं. आम्ही गेलोही.

माझ्या शुद्ध मराठीनं ज्याला बांधावर अडवून ठेवलं होतं त्याला ३६ मार्कांच्या मराठीनं हुरड्यापर्यंत आणलं. मी हे भाच्याला म्हटलं नाही. हुरडा खाऊन परतताना मी दुसरंच विचारलं. जे विचारायला मला बारा वर्षं लागली.

"लहानपणी मी तुझ्या बोटांवर पट्टी मारली होती. 'घर' उलटं लिहिलंस म्हणून. आठवतंय?"

तो विमानाचा पंख सोडवून पिशवीत घालत होता. मान वर न करताच म्हणाला, "कौन सी बार की बात, मामू?"

चिडून नाही, टोमणाही नाही. त्याला खरंच कळलं नव्हतं मी कुठल्या वेळेबद्दल बोलतोय. मला एकच आठवत होती.

मी माफी मागितली. रस्त्यात, पिशवी हातात धरून, जशी जमली तशी. तो "अरे मामू, चलो" म्हणाला आणि गाडीला किक मारली. त्याच्या मनात काय होतं ते त्याचं त्याला ठाऊक. मीही पुन्हा काढलं नाही. पण घरापर्यंत तो मला चाकणच्या नोकरीबद्दल सांगत होता. पाळ्या कशा असतील, खोली कुणाबरोबर घेणार आहे, अम्मीला दर महिन्याला किती पाठवता येतील. हे यापूर्वी त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं.

जानेवारीत तो गेला. जाताना सुटे पंखे, टेप, ग्लू गन, सगळं एका बुटाच्या खोक्यात भरून माझ्याकडे ठेवून गेला.

ठरल्या दिवशी आठवीच्या वर्गाला माळावर नेलं. पोरं-पोरी माझ्या पाठीमागे, चुन्याच्या रेघेच्या आत. एका मुलाला फेकायला शिकवलं होतं. विमान चढलं, चार-पाच गोल झाले, पोरांचा गलका झाला. उतरवताना पहिल्यांदा फार उंचावरून आलो. ओढून-ताणून बसवायला गेलो नाही. थ्रॉटल दिला, वर गेलो, फिरून पुन्हा आलो. दुसऱ्या वेळी वाऱ्याची झुळूक आली आणि शेवटच्या हातभर उंचीवरून ते नाकावर आपटलं. पंखा मोडला. पोरांनी तरीही टाळ्या पिटल्या. एका मुलीनं विचारलं, "सर, पहिल्या वेळी का नाही उतरवलं?" मी म्हटलं, "चुकलं होतं. म्हणून पुन्हा वर नेलं." तिनं मान डोलवली, जणू हे कुणालाही कळावं.

वर्गात मी एक बदल केलाय. प्रकट वाचन आता आधी जोडीजोडीनं होतं, कोपऱ्यात, हळू आवाजात. पहिली तीन वाचनं धरायचीच नाहीत, कितीही चुका होवोत. चौथ्या वेळी वर्गासमोर. वेळ जास्त जातो, अभ्यासक्रम मागे पडतो, त्याबद्दल बोलणी खातो. सगळी पोरं वाचायला लागली असं मी म्हणणार नाही. पण हसू कमी झालंय. आणि पाचवीत यंदा एक मुलगा आहे, 'बदक'चं 'कदब' लिहितो. मी त्याच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक ठिपका काढून देतो आणि म्हणतो, इथून सुरू कर.

त्या दिवशी माळावरून आल्यावर भाच्याचा फोन आला. मागे कारखान्याचा आवाज.

"उतरा क्या?"

"उतरलं. पण पंखा तुटला."

"पंखे खोक्यात आहेत, चार. विंग?"

"शाबूत."

"मोटर?"

"फिरतेय."

"मग उतरलं, मामू," तो म्हणाला. त्याची जेवणाची सुट्टी संपत आली होती. मी त्याला जेवलास का विचारलं आणि खोकं काढून नवा पंखा बसवायला घेतला.